सहाशे पाच किलोमीटर आणि दोन नॅनोसेकंद

मानवजातीच्या इतिहासात माणसाला प्रथमच असा साक्षीदार मिळाला होता, जो खोटं बोलत नाही, विसरत नाही, फितूर होत नाही आणि मनगटावर बांधता येतो. सचोटीचं आणि कौटुंबिक विश्वासाचं नवं युग सुरू झालं, असं त्या वेळी पुष्कळ लोकांनी पुष्कळ व्यासपीठांवरून सांगितलं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षभरात पुण्यात या साक्षीदारामुळे जे गुन्हे उघडकीस आले, त्यांत सर्वांत मोठी संख्या ‘रोज सकाळी टेकडी चढतो’ असं घरी सांगून टेकडीच्या पायथ्याशी मिसळ खाणाऱ्या गृहस्थांची होती.

हेमंत आगाशे त्यांतले नव्हते. ते खरोखर टेकडी चढत, आणि वर जाऊन कोण आलं नाही ते बघत.

नोकरीची तीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी करण्यात घालवली होती. माणूस ‘गाडी झाडावर आदळली’ म्हणाला की ते आधी झाड बघायला जात. निवृत्तीनंतर कंपनीने त्यांना शाल दिली; त्यांनी ती उलटून मागचं लेबल वाचलं. अशा माणसाच्या हाती मोहरी घड्याळ यावं, हा योग जुळून आला खरा.

मोहरी घड्याळ हे त्याचं दुकानातलं नाव नव्हे. पण आतली चिप मोहरीच्या दाण्याएवढी असल्यामुळे लोकांनी तेच नाव ठेवलं. शास्त्र सोपं होतं. निदान हेमंतरावांना सोपं वाटलं, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

पृथ्वीच्या जितकं जवळ असावं तितका काळ रेंगाळतो. वर जावं तसा तो किंचित भरभर चालतो. उलट, जो पळतो त्याचं घड्याळ उभ्या असलेल्याच्या घड्याळामागे पडतं. विमानात दोन्ही गोष्टी एकदम होतात. उंचीमुळे घड्याळ पुढे जातं, वेगामुळे मागे येतं. त्यातून पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पूर्वेला जाताना एक आकडा येतो आणि पश्चिमेला येताना दुसरा, पण जाऊन-येऊन तो फरक फिटतो. सगळी वजाबाकी केल्यावर उरतं ते इतकंच, की दहा किलोमीटर उंचीवर काढलेल्या दर तासाला विमानातल्या माणसाचं घड्याळ सुमारे तीन नॅनोसेकंद पुढे जातं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या वेळात माणसाचं काहीही होत नाही. संशय मात्र आरामात येतो.

पूर्वी हे मोजायला खोलीभर यंत्रं लागत. मग कुणीतरी थोडेसे अणू प्रकाशाच्या जाळ्यात अडकवून तो सगळा पसारा त्या दाण्यात बसवला. हेतू उदात्त होता: उपग्रह बंद पडले तरी फोनला रस्ता सापडावा. पण घड्याळ इतकं बारीक मोजू लागलं की माणूस किती उंचीवर किती वेळ होता, हे त्यातून आपोआप निघू लागलं. सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे घैसास दर गुरुवारी बागेत ध्यानाला बसत नसून सहाव्या मजल्यावर पत्ते कुटतात, हे असंच बाहेर आलं. आरडाओरडा झाला, कायदा झाला. रोजचा तपशील खासगी ठरला. घड्याळ नोंदलेल्या घरच्या वेळेपेक्षा किती पुढे गेलं, याची फक्त आठवड्याची बेरीज, तीही संमतीने, उतारा म्हणून मिळू लागली. त्यात ठिकाणाचं नाव नसे. आता कुणाचं काही बिघडणार नाही, असं सरकारला वाटलं.

सरकारला लग्नं जमवायची नसतात. वधू-वर सूचक मंडळांनी वर्षाच्या आत पत्रिकेच्या जोडीला उतारा मागायला सुरुवात केली. ‘मुलगा निर्व्यसनी, स्वतःची सदनिका, मोहरी स्थिर’ अशी माहितीपत्रकं फिरू लागली.

हेमंतरावांच्या एकुलत्या एका मुलीचं, जुईचं, स्थळ अशाच मंडळातून आलं. मुलगा नागपूरचा. शार्दूल धोटे. विमानं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. जातीचा प्रश्न जुईने पहिल्याच वाक्यात निकालात काढला होता, आणि पुण्याबाहेरचा असल्याचा प्रश्न शार्दूलने सोडवला: कंपनी पुण्यात नवा कारखाना काढत होती आणि जूनमध्ये त्याची तिथे बदली व्हायची होती. तोपर्यंत ओळख वाढावी म्हणून तो दर शनिवारी विमानाने येई. दुपारी बाराला उतरे, दिवसभर जुईबरोबर असे, वडगावला मित्राच्या खोलीवर झोपे आणि रविवारी सकाळी आठच्या विमानाने परत जाई, कारण रविवारी त्याची दुसरी पाळी असे. सहा महिने असं चाललं. साखरपुड्याची तारीख ठरली. फक्त उतारा यायचा होता.

तो आला. सव्वीस आठवडे. प्रत्येक आठवड्यापुढे एकच आकडा: साडेसहा.

“बघ, किती नेमाने येतो मुलगा,” मुग्धा, हेमंतरावांची बायको, म्हणाली. ती शाळेत संस्कृत शिकवायची आणि नियमितपणा दिसला की तिला बरं वाटायचं.

“साडेसहा का पण?” हेमंतराव म्हणाले.

“म्हणजे?”

“साडेचार हवेत.”

त्यांनी दिनदर्शिकेचं मागचं पान उलटलं आणि पेन्सिल घेतली. पुणे ते नागपूर, विमानतळ ते विमानतळ, सरळ रेषेत सहाशे पाच किलोमीटर. तिकिटावर दीड तास छापतात, पण त्यात विमान रांगेत उभं राहतं, वळतं, पुन्हा उभं राहतं; तो सगळा वेळ जमिनीवरचा. हवेतला वेळच तेवढा खरा. ताशी आठशेने, चढण्या-उतरण्याचा काळ निम्मा धरून, पूर्ण उंचीवरची म्हणावीत अशी पंचेचाळीस मिनिटं. जाऊन-येऊन दीड तास. तासाला तीन. साडेचार.

“दोन नॅनोसेकंद जास्त आहेत,” ते म्हणाले. “दर आठवड्याला. न चुकता.”

“हेमंत, सेकंदाचा अब्जावा भाग ना तो?”

“दोन म्हणजे हवेतली चाळीस मिनिटं. म्हणजे जाताना वीस, येताना वीस. म्हणजे हा मुलगा नागपूरहून येतच नाही. आणखी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर पलीकडून येतो.”

“काहीतरीच!”

“मग सांग, कुठे जातात दोन नॅनोसेकंद?”

मुग्धाने आयुष्यात अनेक गोष्टी कुठे जातात हे सांगितलं होतं, पण या वेळी तिने नुसता उतारा उलटून मागची बाजू पाहिली. हेमंतरावांनी भिंतीवरच्या नकाशावर पुण्याला टाचणी लावली, तिला दोरा बांधला, आठशे सत्तर किलोमीटरचं वर्तुळ काढलं. त्याचा बराच भाग समुद्रात गेला. उरलेला भाग नागपूरच्या पुढे, जवळजवळ त्याच रेषेत, एका शहराला नेमका लागून गेला.

“रायपूर,” हेमंतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण तीस वर्षांत झाड जागेवर न सापडल्यावर जे होई तेच.

त्या शनिवारी शार्दूल जेवायला आला. मुग्धासाठी त्याने साडी आणली होती.

“अय्या, कोसा सिल्क!” मुग्धा म्हणाली.

हेमंतरावांनी वरणाची वाटी खाली ठेवली. “कोसा म्हणजे रायपूरकडचा, ना?”

“भंडाऱ्याचा आहे, काका. आमच्याकडे विणतात.”

“रायपूरलाही मिळतो म्हणतात.”

“मिळत असेल.”

“तुझं जाणं होतं का तिकडे?”

शार्दूल पोळीचा घास मोडता मोडता थांबला. एखादा सेकंद असेल. म्हणजे शंभर कोटी नॅनोसेकंद. “एकदा गेलो होतो. मित्राच्या लग्नाला. का हो काका?”

“सहज.”

“बाबा,” जुई म्हणाली, “तू सहज काही विचारत नाहीस. घैसासकाकांनाही तू ‘गुरुवारी बागेत डास असतात का’ असं सहजच विचारलं होतंस.”

“होते का डास?” शार्दूलने विचारलं.

“काका बागेतच नव्हते.”

शार्दूल हसला. हेमंतराव हसले नाहीत. निरपराध माणूस इतक्या सहज हसत नाही, हे त्यांच्या खात्यात सगळ्यांना माहीत होतं. फार गंभीर राहणाराही निरपराध नसतो, हेही माहीत होतं.

संध्याकाळी त्यांनी जुईला गणित दाखवलं. तिने ते नीट वाचलं. इतिहासात एम.ए. असल्यामुळे तिला गुणाकार पटला आणि निष्कर्ष पटला नाही.

“तू असं म्हणतोस, की त्याचं रायपूरला दुसरं घर आहे.”

“मी काही म्हणत नाही. आकडा म्हणतो.”

“मग आकड्याला सांग, मी त्याच्याशी लग्न करणार आहे.”

“साखरपुडा पंधरा दिवस पुढे ढकलू. तेवढंच.”

“बाबा, तुला तो आवडत नाही, की कुणीच आवडणार नाही?”

या प्रश्नाला उत्तर होतं. हेमंतरावांना ते ठाऊकही होतं. जुईचं लग्न झालं की घरात फक्त दोन माणसं उरणार, आणि त्यांतल्या एकाचं सगळं तपासून झालेलं होतं. पण ते म्हणाले, “प्रश्न आवडण्याचा नाही, पडताळ्याचा आहे.”

पंधरा दिवस मिळाले. साखरपुडा का पुढे गेला ते जुईने शार्दूलला सांगितलं नाही. तिला लाज वाटली. पण त्या दिवसापासून ती त्याला फोनवर ‘आत्ता कुठे आहेस?’ असं विचारू लागली, आणि तो ‘नागपुरात, दुसरीकडे कुठे असणार?’ म्हणाला की मधे थोडी शांतता पडू लागली. शार्दूलने ती दोनदा सोसली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “तू बाबांसारखी बोलून राहिली.” जुईने फोन ठेवला. हेमंतरावांना भिंतीपलीकडून एवढंच ऐकू आलं की फोन लवकर संपला, आणि त्यांना वाटलं, तपास योग्य दिशेने चालला आहे.

दरम्यान त्यांनी आपलं गणित सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर चुंबकाने लावलं, आणि जनहितार्थ मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं. अंतर भागिले आठशे, गुणिले दोन, गुणिले तीन. तिथे त्याला ‘आगाशे सूत्र’ असं नाव पडलं. दोन वरपित्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

मग बुधवारी ते स्वतः नागपूरला गेले. घरी सांगितलं, लोणावळ्याला वर्गमित्रांचं संमेलन आहे.

विमानात त्यांनी खिडकी घेतली, पण बाहेर पाहिलं नाही. ते उड्डाण आणि उतरण्याच्या वेळा लिहीत होते. सूत्राप्रमाणे सगळं बरोबर जुळलं. नऊला ते नागपुरात उतरले. धोट्यांचं घर प्रतापनगरात होतं. समोर तर्री-पोह्यांची गाडी होती. हेमंतरावांनी तिच्या आडोशाला उभं राहून एक प्लेट घेतली, मग उभं राहायला कारण हवं म्हणून दुसरी घेतली, आणि तर्री इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी येऊन घर दिसेनासं झालं.

“आगाशे साहेब? तुम्ही इथे काय करून राहिले?”

समोर शार्दूलची आई होती. ज्योत्स्नाताई धोटे. त्यांनी पंचवीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं होतं, आणि मागच्या बाकावर काय चाललंय हे फळ्याकडे तोंड करून ओळखण्याची कला त्यांना साधली होती. हातात भाजीची पिशवी होती.

“मी... एका जुन्या दाव्याची चौकशी होती इकडे.”

“रिटायर झाले ना तुम्ही?”

“जुना दावा आहे.”

“अन् रडून काहून राहिले?”

“तर्री.”

“चला वर. घरचे पोहे खा. हे काही खरे नाहीत.”

घरचे पोहे खाता खाता हेमंतरावांनी घर तपासलं. शार्दूल कामावर गेला होता, पण त्याचे दुसरे बूट दाराशी होते. दांडीवर शार्दूलचा शर्ट वाळत होता. टेबलावर शार्दूलच्या कारखान्याच्या कँटीनची कुपनं होती, बुधवारपर्यंतची फाडलेली. बाथरूममध्ये दोन ब्रश होते, दोन्ही ओले. मुलगा इथेच राहतो, याचा इतका व्यवस्थित पुरावा त्यांनी पूर्वी एकदाच पाहिला होता, आणि तो दावा खोटा निघाला होता.

“शार्दूल रायपूरला वगैरे फार जातो का हो?” त्यांनी संत्रा बर्फी उचलत विचारलं.

ज्योत्स्नाताईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “काहून?”

“सहज.”

“हं,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. हा ‘हं’ पंचवीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी ऐकला, त्यांनी नंतर स्वतःहून कॉपी केल्याचं कबूल केलं होतं. हेमंतरावांनी तसं केलं नाही. “मी येऊन गेलो हे मुलांना सांगू नका,” एवढंच ते म्हणाले.

“मी काहून सांगू? पण साहेब, आता उतारा एकतर्फी नको. मुलीचा अन् तुम्हा दोघांचा आमच्याकडेही येऊ द्या. शनिवारपर्यंत.”

“अवश्य,” हेमंतराव म्हणाले. त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. या विचाराने ते इतके निश्चिंत होते की स्वतःच्या मनगटाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. संध्याकाळी पाचच्या विमानाने ते परत निघाले.

शनिवारी दुपारी तिघांचे उतारे आले. मुग्धाचा शून्य. जुईचा शून्य. हेमंतरावांचा पावणेचार.

मुग्धाने तो कागद घेऊन फ्रिजसमोर उभं राहून सूत्र उलटं सोडवलं. तिला वेळ लागला नाही. पावणेचार भागिले तीन, सव्वा तास. एका दिशेला साडेसदतीस मिनिटं. पाचशे किलोमीटर. मग ती नकाशाकडे गेली, दोरा आखडला आणि वर्तुळ काढलं.

हेमंतराव बाजारातून परत आले तेव्हा ती नकाशाशीच उभी होती आणि जुई सोफ्यावर बसली होती.

“लोणावळ्याला विमान कधीपासून जायला लागलं?” मुग्धा म्हणाली.

“काय?”

“हैदराबादला कोण आहे, हेमंत?”

“हैदराबाद?”

“पाचशे किलोमीटर. तुझंच सूत्र आहे. मी काही म्हणत नाही, आकडा म्हणतो.”

हेमंतरावांनी उतारा पाहिला. पुन्हा पाहिला. तीस वर्षं ते टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसले होते. पलीकडून खुर्ची इतकी कडक लागते याची त्यांना कल्पना नव्हती.

“मी हैदराबादला गेलो नव्हतो,” ते म्हणाले. “मी... नागपूरला गेलो होतो.”

“नागपूरला साडेचार होतात,” मुग्धा म्हणाली.

“नागपूरला कशाला?” जुई म्हणाली.

दोन्ही प्रश्न रास्त होते आणि एकाचं उत्तर दिलं की दुसऱ्यात अडकायला होत होतं. हेमंतरावांनी तोंड उघडलं. त्यांच्या असं लक्षात आलं, की खरं बोलणारा माणूसही अशा वेळी हुबेहूब खोटं बोलणाऱ्यासारखाच दिसत असणार, आणि तीस वर्षांतले काही चेहरे त्यांना आठवले. ते आठवणं त्यांनी ताबडतोब थांबवलं.

“साक्षीदार आहे का कुणी?” मुग्धाने विचारलं. संस्कृतच्या शिक्षिकेच्या तोंडी हा प्रश्न फार वाईट वाटला.

“आहे.” त्यांनी मान खाली घातली. “शार्दूलची आई.”

जुई उठून उभी राहिली. “तू त्यांच्या घरावर पाळत ठेवायला गेला होतास?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ज्योत्स्नाताईच होत्या. जुईने फोन टेबलावर ठेवून मोठा आवाज केला.

“जुई, बाबा आहेत का ग घरी? त्यांचं सूत्र मी वापरून पाह्यलं. त्यांचं घड्याळ म्हणते बुधवारी ते हैदराबादले होते. अन् मी तर त्यांना माझ्या हातचे पोहे चारले. दोन प्लेटा.”

“म्हणजे बाबा खरंच तिकडे आला होता?”

“आले होते ना. गाडीवर रडून राहिले होते बिचारे. म्हणजे माणूस बरोबर आहे अन् सूत्र चुकलं आहे. आता ऐक, मग मी दोघांचे आकडे समोरासमोर मांडले. माझ्या पोराचे दोन जास्त येऊन राहिले, तुझ्या बाबांचे पाऊण कमी. शार्दूल पुण्यात किती वेळ असतो?”

“शनिवारी बारा ते रविवारी आठ. वीस तास.”

“अन् तुझे बाबा नागपुरात नऊ ते पाच. आठ तास. वीस तासाले दोन, तर आठाले किती?”

“शून्य पूर्णांक आठ,” जुई म्हणाली.

“जवळजवळ पाऊण. म्हणजे विमानाचा काही दोष नाही. गावाचा आहे. तुमचं गाव आमच्यापेक्षा उंचावर आहे बाप्पा! तिथे नुसतं बसलं तरी घड्याळ पुढे जाते, अन् इथे बसलं की तुमचं मागे पडते.”

घैसासांचा सहावा मजला हेमंतरावांनी नॅनोसेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत मोजला होता. विमानाची चढण मोजली होती, उतरण मोजली होती. पण पुणं मोजायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मोजायला सुरुवात पुण्यापासून होते आणि बाकीची गावं तिथून पुढे असतात, अशी त्यांची समजूत होती. पुणं इतरांपेक्षा वरच्या पातळीवर आहे हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. फक्त ते मीटरमध्ये असेल असं वाटलं नव्हतं.

“म्हणजे ते दोन नॅनोसेकंद,” जुई सावकाश म्हणाली, “माझ्याबरोबर घालवलेले होते.”

दाराची बेल वाजली. शार्दूल होता, खांद्याला बॅग, हातात संत्री. नेहमीपेक्षा तासभर उशिरा आला होता. त्याने खोलीतले चेहरे पाहिले, नकाशावरची दोन वर्तुळं पाहिली, फोनमधून आलेला आईचा आवाज ओळखला, आणि बूट काढायचे की नाही याचा विचार करत उंबऱ्यातच थांबला.

जुईने त्याला सगळं सांगितलं. रायपूरही सांगितलं. स्वतःचं ‘कुठे आहेस?’ही सांगितलं. शार्दूलने ऐकून घेतलं.

“म्हणजे काका,” तो शेवटी म्हणाला, “तुमच्याकडे येऊन मी दर आठवड्याला दोन नॅनोसेकंद जास्त म्हातारा होतो.”

ही थट्टा होती आणि तिच्यात क्षमा होती. हेमंतरावांना ती सहज उचलता आली असती. पण ते म्हणाले, “सव्वीस आठवड्यांचे बावन्न,” कारण गुणाकार आधी झाला.

“मी आज परतच जाणार होतो,” शार्दूल जुईला म्हणाला. “विमानतळावर तासभर बसून होतो. सारखं कुठं आहेस, कुठं आहेस. मला वाटलं, तुलाच नको आहे.”

“मग आलास का?”

“संत्री होती ना हातात.”

जुईने संत्री घेतली. मग तिने हेमंतरावांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं.

“शार्दूल, बदलीचा अर्ज मागे घे,” ती म्हणाली. “आपण नागपूरला राहू. मला तिथे काम मिळेल.”

“जुई,” मुग्धा म्हणाली.

“आई, इथे राहिलो तर बाबा दर आठवड्याला उतारा मागेल. मागणार नाही म्हणेल, आणि मागेल. सहज.”

हेमंतरावांना सांगायचं होतं की मागणार नाही. पण ज्या माणसाने तीस वर्षं कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्याला स्वतःचा शब्द द्यायची सवय राहत नाही.

“येऊ दे पोरीला,” फोनमधून ज्योत्स्नाताई म्हणाल्या. त्या अजून होत्याच. “पण लग्न नागपूरले. अन् तुमची ती घड्याळं पुण्यातच ठेवून या.”

हेमंतरावांनी त्याच दिवशी मंडळाच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली: गावाच्या उंचीचा विचार न केल्यामुळे सूत्र चुकीचं आहे, कृपया वापरू नये. तिला एक अंगठा आला, तोही मुग्धाचा. सूत्र तोवर आणखी अकरा ग्रुपांवर पोचलं होतं. त्याच्या आधाराने साताऱ्याच्या एका वरपित्याने अलिबागच्या मुलीचं स्थळ नाकारलं होतं, कारण तिच्या उताऱ्यावरून ती मे महिन्यातल्या एका आठवड्यात तीस तास विमानात बसून होती. ती महाबळेश्वरला मावशीकडे गेली होती.

लग्नाला जायचं तेव्हा हेमंतराव म्हणाले, आपण रेल्वेने जाऊ. विमानाने दीड तास, रेल्वेने एक अख्खी रात्र. पण घाई करण्यासारखं पुढे काही नव्हतं. घड्याळ त्यांनी घरी कपाटात ठेवलं होतं, त्यामुळे ते दीड तास आधीच स्टेशनवर पोचले. मुग्धा सामानाशी बसली. ते फलाटावर फेऱ्या घालू लागले आणि फलाटाच्या टोकाशी, पिवळ्या पाटीखाली थांबले.

चाळीस वर्षं ते या स्टेशनवर येत-जात होते. पाटीवर मोठ्या काळ्या अक्षरांत पुणे लिहिलं होतं, तेवढंच त्यांनी आजवर वाचलं होतं. त्याच्या खाली, लहान पण स्वच्छ अक्षरांत, पुण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली होती.